ऑइल बाथ एअर क्लीनर: जुन्या पिकअपच्या इंजिनावरचा तेलाचा डबा कसा उघडावा, धुवावा आणि भरावा

जुन्या शेवरोले पिकअपचे बॉनेट उघडले की कार्बोरेटरवर काळा, टोपीसारखा जड डबा बसलेला दिसतो. हलवला तर आत काहीतरी डुचमळते. हाच ऑइल बाथ एअर क्लीनर. बदलायचा कागदी फिल्टर त्यात नसतो. वाटीतले तेल आणि त्यावरची तारेची जाळी एवढ्यावरच तो धूळ अडवतो. नीट सांभाळला तर गाडीइतका टिकतो, आणि नीट सांभाळला नाही तर वर्षानुवर्षे इंजिनात माती जात राहते व बाहेरून काही कळत नाही.

या लेखात मुख्य उदाहरण 1947 ते 1955 या काळातल्या शेवरोले पिकअपचे घेतले आहे. त्यांत 216 आणि 235 घनइंची, म्हणजे सुमारे साडेतीन आणि पावणेचार-चार लिटरचे सहा सिलिंडरचे इंजिन असे. जनरल मोटर्सचा जोडणी कारखाना 1928 पासून मुंबईत शिवडीला होता, त्यामुळे या घराण्यातली इंजिने महाराष्ट्राला नवी नाहीत. महिंद्राच्या जुन्या सीजे-3बी जीपवर आणि बऱ्याच ट्रॅक्टरवरही हीच रचना आहे. डब्याचा आकार आणि जागा बदलते, काम तेच राहते.

216 इंजिनाच्या बाबतीत एक गोष्ट आधीच लक्षात घ्या. त्याच्या बेअरिंग ओतीव बॅबिटच्या, म्हणजे मऊ मिश्रधातूच्या असतात आणि सगळे तेल गाळून पुढे पाठवणारा फुल-फ्लो ऑइल फिल्टर त्यावर नसतो. फिल्टर असला तरी तो बायपास पद्धतीचा, थोडेसेच तेल गाळणारा. म्हणजे हवेतून आत शिरलेली माती पिस्टनच्या रिंगांवाटे तेलात उतरली की ती तिथेच फिरत राहते. अशा इंजिनाला एअर क्लीनर हाच खरा पहारेकरी.

आत काय घडते

हवा डब्याच्या कडेच्या फटीतून आत येते आणि बाहेरचा पत्रा व आतली नळी यांच्यामधल्या पोकळीतून खाली उतरते. तेलाच्या पृष्ठभागाशी पोचल्यावर तिला एकदम उलटे वळून वर जावे लागते. हवा हलकी, ती वळते. धुळीचा कण जड, तो वळू शकत नाही आणि सरळ तेलात आपटतो. वळणारी हवा तेलाचे बारीक तुषारही वर उचलते. ते जाळीला लागतात आणि जाळी ओली राहते. तेलातून निसटलेली बारीक धूळ या ओल्या जाळीला चिकटते. जाळीतले तेल सतत खाली ठिबकत असते, त्याबरोबर धूळही वाटीत येते आणि बुडाशी गाळ होऊन बसते.

हे सगळे हवेच्या वेगावर चालते, आणि वेग कमी-जास्त होतोच. साडेतीन लिटरचे इंजिन 2500 फेऱ्यांवर पूर्ण ताकदीने चालत असेल तर मिनिटाला तीन ते साडेतीन हजार लिटर हवा ओढते. स्लोवर, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता नुसते सुरू ठेवून उभे असताना हाच आकडा अडीच-तीनशे लिटरवर येतो. दहापट फरक. म्हणून स्लोवर हा क्लीनर सर्वांत कच्चा काम करतो, कारण हवा हळू वळते आणि हलका कण तिच्याबरोबर वळून निघून जातो. धुळीच्या आवारात इंजिन विनाकारण घरघरत ठेवू नये, त्याचे हे एक कारण. चांगला कागदी फिल्टर धूळ याच्यापेक्षा जास्त पकडतो, हेही मान्य करायला हवे.

दुसऱ्या इंजिनाचा क्लीनर बसवला की बिघडते तेही याचमुळे. लहान इंजिनाचा डबा मोठ्या व्ही-8वर चढवला तर वेग वाढून तेलच ओढले जाते. मोठा डबा लहान इंजिनावर ठेवला तर हवा आळशी होते आणि तेलाला धड स्पर्शही करत नाही. जुन्या बाजारातून डबा घेताना कार्बोरेटरच्या गळ्यावर तो बसतो की नाही एवढेच पाहू नका. तो कोणत्या इंजिनाचा आहे हेही विचारा.

किती दिवसांनी उघडायचा

ठरावीक किलोमीटरचा आकडा इथे फसवा आहे. डांबरी रस्त्यावर चालणाऱ्या गाडीला इंजिन ऑइल बदलताना क्लीनरचे तेल बदलले तरी पुरते. त्या काळी ही पाळी साधारण 2000 मैलांची, म्हणजे 3200 किलोमीटरची असे. कच्च्या रस्त्यावर, खडीच्या खाणीजवळ किंवा मळणीच्या दिवसांत शेताजवळ गाडी चालत असेल तर रोज झाकण उघडून पाहावे लागते.

खरी खूण वाटीत मिळते. स्वच्छ काडी किंवा पट्टी तेलात बुडापर्यंत घाला. बुडाशी मऊ गाळ लागतो, त्याची जाडी पाहा. ती 12 मिलिमीटरच्या आसपास आली असेल तर उशीर होतो आहे. तेल दाट होऊन काडीवरून ओघळत नसेल तर गाळ कमी असला तरी बदला. दाट तेल उडत नाही, जाळी कोरडी पडते, आणि कोरड्या जाळीला धूळ धरून ठेवता येत नाही.

उघडण्याआधी

लागणारे सामान: मध्यम स्क्रू ड्रायव्हर, पक्कड, दोन पसरट ट्रे, ताठ ब्रश, लाकडी किंवा प्लॅस्टिकची खरवडणी, सूत न सुटणारे कापड, मापाचे भांडे आणि नवे तेल. धुण्यासाठी रॉकेल उत्तम. ते आता सहज मिळत नाही, तेव्हा डिझेल किंवा मिनरल टर्पेंटाइन चालते. पेट्रोल नको. त्याची वाफ जाळीत अडकून राहते, आणि या इंजिनात कार्बोरेटर व एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (धूर बाहेर नेणारा तापलेला नळ) एकाच बाजूला, जवळजवळ आहेत.

गाडी सपाट जागी उभी करा. इंजिन बंद करून किमान 20 मिनिटे थांबा. इंजिन थंड होते हे तर आहेच, शिवाय जाळीतले तेल परत वाटीत उतरते. लगेच उघडले तर पातळी कमी दिसते, माणूस वरून तेल ओततो, आणि इथूनच जास्त भरण्याचा घोळ सुरू होतो.

काढणे आणि धुणे

1. डबा बाहेरून आधी पुसून घ्या. झाकणाच्या खोबणीतली माती उघडताना आत पडते.

2. वरचा विंग नट (पंखांचा नट) हाताने सोडवा आणि लगेच खिशात किंवा ट्रेमध्ये ठेवा. डबा निघाला की खाली कार्बोरेटरचा गळा उघडा असतो, आणि नटाला नेमकी तीच जागा सापडते.

3. झाकण सरळ वर उचला. अनेक डब्यांत जाळी झाकणाबरोबरच येते. तिरके उचलू नका, जाळीतून ठिबकणारे तेल गळ्यात जाईल.

4. गळ्याभोवतीच्या पट्टीचा स्क्रू ढिला करा. डब्याला इंजिनाकडून आधाराची पट्टी असेल तर तिचाही बोल्ट काढा. मग दोन्ही हातांनी डबा आडवा न होऊ देता उचला. आत अजून अर्धा लिटर तेल आहे हे विसरू नका.

5. गळ्यावर एकच मोठे स्वच्छ कापड टाका, कडा बाहेर लोंबत राहतील असे. छोटी चिंधी आत कोंबू नये. ती विसरली जाते आणि इंजिन तिला ओढून घेते.

6. जुने तेल एका ट्रेमध्ये ओता आणि त्याकडे पाहा. काळपट तपकिरी तेल नेहमीचे. दुधट, पिवळसर असेल तर पाणी शिरले आहे. पेट्रोलचा वास येत असेल तर इंजिन मागे भडकते आहे किंवा कार्बोरेटर वाहतो आहे.

7. बुडातला गाळ लाकडी पट्टीने खरवडा. पत्र्याच्या पात्याने ओरखडे पडतात आणि तिथून गंज धरतो. वाटी रॉकेलने धुऊन कोरडी पुसा.

8. जाळी दुसऱ्या ट्रेमध्ये रॉकेलात बुडवून वरखाली हलवा, उलटी करा, पुन्हा बुडवा. पहिले रॉकेल काळे होते, ते टाकून दुसरे घ्या. दुसऱ्या खेपेलाही काळे झाले तर तिसरे. जाळी उजेडाकडे धरली की सगळीकडून सारखा प्रकाश यायला हवा. एखादा भाग बंद दिसला तर तिथे जुना डिंक साचला आहे. रात्रभर भिजत ठेवा.

9. जाळी उभी टेकवून निथळू द्या. घाई असेल तर कॉम्प्रेसरची हवा कमी दाबाने, लांबून मारा. जोराच्या झोताने तारा एका बाजूला सरकतात आणि मध्ये बोगदा पडतो. तिथून हवा न गाळता सरळ जाते.

जुने तेल आणि धुतलेले रॉकेल गटारात किंवा मातीत ओतू नका. गॅरेजमध्ये जुन्या तेलाचे पिंप असते, तिथे द्या.

कोणते तेल, किती तेल

त्या काळच्या सूचना साध्या होत्या: हवा गोठणबिंदूच्या वर असेल तर 50 ग्रेडचे इंजिन ऑइल, त्याखाली गेली तर 20 ग्रेडचे. आपल्याकडे दुसरा प्रश्न येतच नाही. 40 किंवा 50 चे साधे, एकाच ग्रेडचे तेल घ्या. विदर्भाच्या उन्हाळ्यात 50 बरे. 20डब्ल्यू-50 घातले तरी काम चालते. महागडे सिंथेटिक घालण्यात काही अर्थ नाही, हे तेल वंगणाचे काम करत नाही, धूळ धरण्याचे करते.

इंजिनातून काढलेले जुने तेल मात्र इथे वापरू नका. काटकसर म्हणून हा प्रकार सर्रास चालतो. त्या तेलात काजळी असते आणि पेट्रोल उतरलेले असते. पेट्रोलाने ते पातळ होते आणि हवेबरोबर सहज वर उचलले जाते.

शेवरोलेच्या या नेहमीच्या डब्याला साधारण एक अमेरिकन पाइंट, म्हणजे 470 मिलिलिटरच्या आसपास तेल लागते. पण डबे दोन-तीन प्रकारचे होते, त्यामुळे आकड्यापेक्षा वाटीवरच्या खुणेवर विश्वास ठेवा. आतल्या भिंतीवर उठावाची रेघ, पायरी किंवा 'ऑइल लेव्हल' अशी अक्षरे असतात. आधी 400 मिलिलिटर घाला, वाटी सपाट टेबलावर ठेवा आणि मग थोडे थोडे ओतत रेघेपर्यंत आणा. रेघेवर थांबायचे.

'थोडे जास्त घातले तर धूळ जास्त अडेल' हा समज इंजिनाला महाग पडतो. पातळी वाढली की वाटी आणि जाळी यांच्यातली वाट अरुंद होते, हवेचा वेग वाढतो आणि ती तेल ओढून कार्बोरेटरमध्ये नेते. इंजिन निळा धूर मारते, प्लग ओले-काळे होतात, आणि रिंगा गेल्या असे समजून लोक इंजिन उघडतात. डिझेल ट्रॅक्टरमध्ये तर हे धोक्याचेच आहे. ओढलेले तेल इंधन म्हणून जळते, आणि पंप बंद केला तरी इंजिन आपसूक वेग घेत राहू शकते.

पॅकिंग: सगळा खेळ इथे आहे

बहुतेकांचे लक्ष तेलाकडे असते. पण वाटी चकचकीत, तेल नवे, जाळी स्वच्छ, आणि गळ्याशी फट असेल तर सगळी मेहनत फुकट. इंजिनाला हवा जिथून सोपी मिळेल तिथून ते ओढणार. गाळलेल्या बाजूला एक मिलिमीटरची फट पडली तरी तिच्यातून येणारी धूळ थेट सिलिंडरमध्ये जाते.

पाहायच्या जागा दोन. पहिली, झाकण आणि डबा यांच्यामधले गोल पॅकिंग. दुसरी, डबा आणि कार्बोरेटरचा गळा यांचा सांधा. जुने पॅकिंग कडक, चपटे किंवा तुटके असेल तर नवे कापा. 3 मिलिमीटर कॉर्कची शीट चांगली. रबर घ्यायचे तर नायट्राइल घ्या, सायकलच्या ट्यूबचे साधे रबर तेलाने फुगून सैल होते. सिलिकॉनची ट्यूब मारून फट बुजवणे टाळा. बाहेर आलेले सिलिकॉनचे तुकडे पुढच्या वेळी तुटून गळ्यात पडतात.

पॅकिंग बसते की नाही हे पाहायला खडू पुरतो. डब्याच्या काठावर खडू घासा, पॅकिंग लावलेले झाकण ठेवून विंग नट बोटाने आवळा, पुन्हा उघडा. पॅकिंगवर अखंड पांढरी कडी उमटली तर ठीक. एखाद्या ठिकाणी तुटली तर काठ वाकला आहे. लाकडी ठोकळ्यावर ठेवून हलक्या हाताने सरळ करता येतो.

काठ वाकण्याचे मुख्य कारण म्हणजे पक्कड लावून आवळलेला विंग नट. त्याला पंख दिले आहेत ते बोटांसाठी. जास्त आवळला की पातळ पत्र्याचे झाकण मध्ये दबते आणि कडा उचलतात, म्हणजे घट्ट करायला गेलो आणि फट पाडली.

जीपमध्ये डबा कार्बोरेटरवर नसून बाजूला असतो आणि रबरी नळीने जोडलेला असतो. तिथे पॅकिंगइतकीच ती नळी तपासा. वाकवून, वळीमध्ये पाहा. बाहेरून शाबूत दिसणारी नळी वळणाच्या खालच्या बाजूला चिरलेली निघते.

गंजलेला डबा दुरुस्त करताना

वाटीत रॉकेल भरून ती वर्तमानपत्रावर तासभर ठेवा. खाली डाग उमटला तर भोक आहे. बारीक भोकाला कथिलाचा डाग देऊन घ्या. बुडाचा पत्रा कागदासारखा झाला असेल तर दुसरी वाटी शोधा.

गंज काढायला सायट्रिक आम्ल चांगले, लिटरभर पाण्यात 50 ते 100 ग्रॅम. त्यात वाटी काही तास बुडवून ठेवा, मग खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, लगेच वाळवा आणि आतून तेलाचा हात फिरवा. हे फक्त सुट्या वाटीसाठी. जाळी पत्र्यात कायमची बसवलेली असेल तो भाग आम्लात घालू नका, आतून पाणी निघत नाही.

त्याच भागाला सँडब्लास्टिंग तर कधीच करू नये. जाळीत अडकलेली वाळू धुऊन पूर्णपणे निघत नाही. गाडी सुरू झाली की कण सुटून सरळ इंजिनात जातात. डबा दिसतो नवा, आणि थोड्याच दिवसांत सिलिंडरला ओरखडे.

रंग बाहेरूनच द्या, मूळचा रंग काळा. वाटीच्या आत रंग नको. तेलात भिजून त्याची सालपटे निघतात. आत तेलाचा पातळ थर हेच गंजरोधक.

बसवणे आणि तपासणे

गळ्यावरचे कापड काढा आणि टॉर्च लावून आत पाहा. डबा सरळ खाली बसवा, पट्टी आवळा, आधाराची पट्टी असेल तर तीही लावा. जड डब्याचा भार एकट्या कार्बोरेटरवर राहिला तर खडबडीत रस्त्यावर हादऱ्याने कार्बोरेटरच्या बुडाचे पॅकिंग सुटते. मग जाळी व झाकण, शेवटी विंग नट.

20-30 किलोमीटर चालवा, 20 मिनिटे थांबा, उघडा. पातळी किंचित खाली दिसेल, कारण कोरड्या जाळीने आपल्या वाट्याचे तेल धरून ठेवले आहे. रेघेपर्यंत एकदा भरा. आता कार्बोरेटरच्या गळ्यात पांढरे कापड फिरवा. फिकट तेलकटपणा चालेल. तेल गोळा झाले असेल तर पातळी जास्त आहे किंवा डबा या इंजिनाचा नाही. कोरडी, करडी धूळ आली तर फट आहे. तिचा माग काढणे सोपे असते, फटीच्या आतल्या बाजूला धुळीची बारीक रेघ उमटलेली सापडते. स्प्रे मारून फट शोधण्याची युक्ती इथे नको, खाली तापलेला एक्झॉस्ट आहे.

काळा धूर, जड चाल आणि वाढलेला पेट्रोलचा खप असेल तर उलटा दोष: जाळी चोंदली आहे आणि हवाच पुरत नाही.

पावसाळा, टोइंग आणि लांब मुक्काम

इंजिन पाण्याच्या झोताने धुताना डब्याच्या कडेच्या फटीतून पाणी आत जाते. पाणी तेलापेक्षा जड, ते बुडाशी बसते आणि तेल वर उचलते. पातळी आपोआप रेघेच्या वर गेली, म्हणजे तेल ओढले जाणार. कोकणातल्या पावसात उघड्यावर उभ्या असलेल्या, बॉनेटला फट असलेल्या गाडीतही हे घडते. धुण्याआधी डब्यावर प्लॅस्टिकची पिशवी बांधा, आणि सुरू करण्यापूर्वी ती काढा. पावसाळ्यात पंधरा दिवसांतून एकदा काडी बुडवून पाहा.

गाडी तिरकी उचलून टो करायची किंवा उतरत्या ट्रकवर चढवायची असेल तर वाटीतले तेल आधी काढून ठेवा. नाहीतर ते गळ्यात सांडते. गाडी सहा महिने उभी राहणार असेल तरी डबा धुऊन नवे तेल भरूनच ठेवा. उभ्या गाडीत गाळ घट्ट होऊन वीट बनतो.

कागदी फिल्टर बसवावा का?

बरेच जण जुन्या डब्यातली जाळी काढून त्यात कागदी फिल्टर बसवतात, म्हणजे बाहेरून रूप तेच राहते. रोज धुळीत चालणाऱ्या गाडीला हे योग्यच आहे, पण फिल्टरच्या वरच्या आणि खालच्या दोन्ही कडा पॅकिंगवर पूर्ण टेकायला हव्यात. मूळ जाळी कापू नका, सुटी काढता येत असेल तरच हा बदल करा. डबा फेकून त्याजागी छोटा क्रोमचा फोमवाला फिल्टर लावणे मात्र नको. इंजिनाचा ओढण्याचा आवाज वाढतो, आणि कार्बोरेटरमधून भडका उलटा आला तर त्याला अडवणारा जाड पत्रा आणि तेल दोन्ही गेलेले असतात.